सूचना, सातबारा, मंगलाष्टक: एआय सहायक मराठी कामाला कितपत येतात?

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड की कोपायलट? इंग्रजी तुलना वाचून याचं उत्तर मिळत नाही, कारण तिथली कामं वेगळी असतात. आपल्याला सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावायची असते, माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असतो, सातबारा वाचून घ्यायचा असतो, लग्नसराईत मंगलाष्टक हवं असतं. अशा कामांत चौघांच्या लेखनात फार अंतर पडत नाही. म्हणून आधी आपले कागद कुठे आहेत ते बघावं.

मेल आणि फायली गूगलवर असतील तर जेमिनी सोयीचा. वर्ड-एक्सेलमध्ये बसणाऱ्यांना कोपायलट. जानेवारी २०२५पासून तो मायक्रोसॉफ्ट ३६५च्या घरगुती वर्गणीतच येतो. लांब मजकुरावर हात फिरवायचा असेल तर क्लॉड आवडीचा, पण छायाचित्रासारखी चित्रं त्याच्याकडून मागू नयेत. चित्रासकट सगळं एकाच जागी हवं तर चॅटजीपीटी. त्याची 'गो' योजना भारतात ऑगस्ट २०२५मध्ये महिना ३९९ रुपयांना आली.

सूचनेपासून सुरुवात करू. 'पाणी बंदची सूचना लिही' एवढंच सांगितलं की 'पाणीपुरवठ्यातील व्यत्ययामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं सरकारी वळणाचं काहीतरी हाती येतं. त्याऐवजी जुनी, चांगली जमलेली एखादी सूचना नमुना म्हणून चिकटवा आणि सांगा: चार ओळी, दिलगिरी नको, वेळ पहिल्या ओळीत. मग 'टाकी धुवायची असल्याने रविवारी सकाळी ९ ते १ पाणी येणार नाही. आदल्या रात्री भरून ठेवा' इतकं सरळ मराठी मिळतं. नमुना दिला की 'तुम्ही' आणि 'आपण'ची सरमिसळही बरीच कमी होते.

माहिती अधिकाराच्या अर्जात गाडी दोन ठिकाणी घसरते. एक म्हणजे लांबी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा. सहायकाला मोकळं सोडलं तर तो दोन पानं भरतो. दुसरं म्हणजे 'रस्ता का झाला नाही?' असे प्रश्न. कायद्याने मिळतात ती कागदपत्रं, खुलासे नाहीत. म्हणून मागणी 'कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दिलेल्या देयकांची यादी' अशी लिहून घ्यावी. अर्ज ज्याखाली करतात ते कलम ६(१), शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, एवढं मसुद्यात नीट आलंय का ते स्वतः ताडून बघावं.

सातबाऱ्याचा फोटो देऊन 'किती एकर?' असं एकदम विचारू नये. आधी 'रकाने जसेच्या तसे तक्त्यात उतरव, रूपांतर करू नकोस' म्हणावं आणि तक्ता मूळ उताऱ्याशी जुळवावा. पुसट छपाईत ५ आणि ६ची अदलाबदल होऊ शकते, शिवाय पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र लागवडीच्या क्षेत्रात मिळवलं जाऊ शकतं. आकडे जुळले की मग हिशोब: ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, म्हणजे साधारण ८० गुंठे, म्हणजे दोन एकर. वर्गणीसारख्या मोठ्या बेरजांना 'कोड चालवून हिशोब कर' असं बजावावं, नाहीतर बेरीज अंदाजाने होऊ शकते.

सोसायटीचे पोटनियम आणि जुनी इतिवृत्तं चाळायला गूगलचं नोटबुकएलएम, म्हणजे आपण दिलेल्या कागदांतूनच उत्तर शोधणारं साधन, या चौघांपेक्षा बरं. मोफत योजनेत एका वहीत ५० कागद बसतात आणि उत्तर कोणत्या परिच्छेदातून आलं ते दिसतं. कागद श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला असेल तर मात्र आत कचराच जातो. पीडीएफमधली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर त्या पानांची चित्रं काढून द्या.

आता मंगलाष्टक, म्हणजे खरी कसोटी. ते बहुधा शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतं. त्याच्या प्रत्येक चरणात १९ अक्षरं, गण (लघु-गुरूंचे ठरलेले गट) म स ज स त त ग, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. सहायक हे नियम घडाघडा म्हणून दाखवतो आणि पुढच्याच ओळीत १७ अक्षरं लिहितो. कारण साधं आहे: तो अक्षरं बघत नाही, टोकन नावाचे तुकडे बघतो, आणि देवनागरीचे तुकडे कुठेही पडतात. चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने मे २०२४च्या जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये नमुन्याच्या मराठी मजकुराची टोकनं ९६वरून ३३वर आणली. त्याने खर्च आणि वेळ वाचतो. लघु-गुरूचं भान मात्र आपोआप येत नाही. उपाय असा: प्रत्येक ओळीखाली 'गागागा ललगा लगाल ललगा गागाल गागाल गा' या साच्यात (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) लघु-गुरू मांडायला लावा आणि चुकलेली ओळ तेवढीच बदलून घ्या. सावकाश विचार करणारं मॉडेल निवडलं तर फेऱ्या कमी लागतात. तरीही चालीवर म्हणून बघितल्याशिवाय भटजींच्या हाती देऊ नये. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग त्या मानाने सोपा, कारण तिथे लघु-गुरू नाही, नुसती मोजणी आहे. दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं, गाव आणि कुलदैवत सहायकाला सांगून त्याच्याकडून आधी दहा-बारा यमकं मागून घेतली आणि ओळी स्वतः जुळवल्या तर मंगलाष्टक सगळ्यात चांगलं होतं.

पत्रिकेचं चित्र करून घेताना अक्षरं त्यातच काढायला सांगू नका. जोडाक्षरं फुटू शकतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसू शकते. मध्ये मोकळी जागा ठेवायला सांगा आणि मजकूर नंतर मुक्ता किंवा बलू फाँटमध्ये टाइप करा.

घरचे कागद देण्याआधी आधार क्रमांक झाकावा. चॅटजीपीटीत डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन मॉडेल सुधारण्यासाठीची परवानगी बंद करावी. क्लॉडमध्ये हीच निवड प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये मिळते.