सोरतापवाडीच्या रोपवाटिकेतून घेतलेले शोभेचे पाम: सविस्तर अभिप्राय

पुणे-सोलापूर महामार्गालगत सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिका एकीला लागून एक अशा पसरल्या आहेत आणि शोभेचे पाम त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मिळतात. तरीही पाम घ्यायचा असेल तर मी याच रोपवाटिकेची शिफारस करेन, कारण येथे रोपाची किंमत सांगण्याआधी ते कोणत्या मातीत लागणार आहे, हे विचारले जाते. आमच्या सोसायटीच्या बागेसाठी आम्ही येथून फॉक्सटेल, बॉटल पाम आणि अरेका घेतले, तर इमारतीच्या सावलीतल्या पट्ट्यासाठी ऱ्हापिस घेतला. ही सगळी रोपे आज तरारून उभी आहेत.

आमच्या बागेत वर काळी माती आणि खाली चुनखडीचा थर आहे. हे कळताच मालकांनी फॉक्सटेलची संख्या कमी करण्याचा सल्ला दिला, म्हणजे स्वतःचीच विक्री कमी केली. चुनखडीच्या जमिनीत मँगनीज आणि लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे नवी पाने खुरटी, फिकट आणि टोकाला करपलेली निघतात, आणि फॉक्सटेलला हा त्रास लवकर होतो. हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल भागातला, तेथे तो ग्रॅनाइटच्या शिळांमधून साठलेल्या, पाण्याचा झटपट निचरा होणाऱ्या भरड मातीत वाढतो. १९८३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर काही दशकांतच तो जगभरच्या बागांमध्ये पोहोचला. मूळचे ठिकाण लक्षात घेतले, की खड्ड्यात मुरूम मिसळा, आळे जमिनीपेक्षा थोडे उंच ठेवा आणि बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, या मालकांच्या सूचनांमागचे कारण आपोआप उमगते.

रोपांचा दर्जा पिशवीतूनच कळतो. या भागात पामची बरीच मोठी रोपे आंध्र प्रदेशातील कडियमहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच जमिनीत गेला तर बाहेरची माती ओली असूनही आतली मुळे कोरडी राहू शकतात. येथे अशी रोपे आल्यावर काही महिने भुसभुशीत मिश्रणाच्या मोठ्या पिशव्यांमध्ये वाढवली जातात आणि पिशवीच्या तळाशी नवी पांढरी मुळे दिसू लागल्यावरच विक्रीला ठेवली जातात. त्यामुळे येथील भाव शेजारच्यांपेक्षा थोडे चढे आहेत, परंतु मला ते रास्त वाटतात. दहा-बारा फुटांचे, शेतातून खणून काढलेले रोप लगेच रुबाबदार दिसते खरे, पण त्याची बरीच मुळे तुटलेली असतात आणि नवी मुळे बुंध्याच्या तळातून फुटेपर्यंत त्याला खोडातल्या साठ्यावर तग धरावा लागतो. कमरेएवढे, पिशवीत नीट रुजलेले रोप घ्यावे, असेच मी प्रत्येकाला सांगेन.

लागवडीसाठी त्यांचा माळी स्वतः आला आणि ही सेवा मला सर्वांत मोलाची वाटली. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी त्याने काठी आडवी धरून जुळवून घेतली, कारण पामचे खोड खोल पुरले तर मुळांना हवा कमी पडते आणि झाड वर्षानुवर्षे कुढत राहते. लावणी मृग नक्षत्रातल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर झाली. उबदार, ओलसर जमिनीत पामची मुळे सर्वांत जलद धावतात, म्हणून आपल्याकडे हाच काळ योग्य आहे.

पुढच्या वर्षी फॉक्सटेलच्या सर्वांत खालच्या झावळ्यांवर पिवळसर-नारिंगी ठिपके दिसू लागले. सोसायटीतील काही जणांचे मत त्या झावळ्या छाटून टाकाव्यात असे होते. फोटो पाठवताच रोपवाटिकेतून स्पष्ट नकार आला. हे पालाशाच्या कमतरतेचे लक्षण आहे, झाड जुन्या पानांतले पालाश काढून नव्या पानांना पुरवत असते, आणि जुनी पाने छाटली की ती शिदोरीच हिरावली जाते, मग कमतरता वरच्या पानांवर चढते. त्यांनी पालाश आणि मॅग्नेशियम असलेले, सावकाश विरघळणारे खत सुचवले आणि पूर्ण वाळलेल्या झावळीखेरीज कशालाही कोयता न लावण्याची ताकीद दिली. रस्त्याकडेच्या पामांची हिरवी पाने दरवर्षी छाटून वर चार झावळ्यांचा तुरा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, ती पाहून जीव तुटतो. अशा वेळी झाडाची बाजू घेणारा विक्रेता भेटणे ही फार समाधानाची गोष्ट आहे.

काही उणिवाही नोंदवायला हव्यात. पाट्यांकडे येथे पुरेसे लक्ष नाही. सायकसची रोपे ‘सागो पाम’ म्हणून पामच्या ओळीत मांडलेली आहेत. सायकस पाम नाही, आणि त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, कुत्र्यांना घातक ठरू शकतात. घरात पाळीव प्राणी असलेल्या ग्राहकाला हे पाटीवरच कळले पाहिजे. भेर्ली माडाच्या पाटीवर तो शेंड्याकडून खाली क्रमाने फुलतो आणि शेवटचा घोस पिकल्यावर ते खोड मरते, हे कोठेही लिहिलेले नाही, त्याच्या फळांच्या रसाने अंगाला खाज सुटते हेही नाही. विचारल्यावर मालक सर्व काही मोकळेपणाने सांगतात, पण प्रत्येक जण विचारेलच असे नाही.

दुसरी तक्रार वाहतुकीची आहे. रोपे टेम्पोत चढवताना एका मजुराने बॉटल पामचा शेंडा धरून रोप उचलले. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच असतो, तो शेंड्यातल्या मिटलेल्या पानांच्या आत दडलेला असतो आणि तो दुखावला तर झाडाला बाजूने फुटवा येत नाही. झाडच जाते. मालकांनी ते रोप तत्काळ बदलून दिले, तरीही रोपे भरताना आपण जवळ उभे राहावे. शिवाय शेणखताचा मोठा उघडा ढीग पामच्या वाफ्यांना अगदी खेटून आहे. गेंड्या भुंग्याच्या अळ्या अशाच ढिगात वाढतात आणि प्रौढ भुंगा पामच्या शेंड्यात शिरून कोवळी पाने कातरतो. आमच्या रोपांत कीड आली नाही, परंतु हा ढीग दूर हलवावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

ज्यांचे अंगण लहान आहे त्यांनी येथे रॉयल पामचा मोह टाळावा. पूर्ण वाढलेल्या झाडाची तीन-चार मीटर लांबीची जड झावळी उंचावरून आपसूक गळून पडते आणि खाली वाहन किंवा माणूस असेल तर इजा होऊ शकते. त्याऐवजी बॉटल पाम घ्यावा. तो मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा, सावकाश वाढणारा आणि बुटका आहे, आणि त्याला ऊन व निचरा मिळाला की फारशी निगा लागत नाही. येथे त्याची रोपे गेल्या पावसाळ्यात मुबलक आणि उत्तम प्रतीची होती.