ग्लायडरच्या जुन्या उपकरणांच्या व्यवहारात आमची झालेली फसवणूक

युरोपात ग्लायडिंग करणारे मराठी लोक आता बरेच आहेत, आणि त्यांतले काही जण वापरलेली उपकरणे विकत घेतात किंवा पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर उडणाऱ्या ओळखीच्यांना ती सुचवतात. अशा सर्वांसाठी आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे आणि चौकशी अजून चालू आहे.

दक्षिण जर्मनीत, श्वेबिश आल्पच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या क्लबात माझ्यासह तिघांच्या मालकीचे एक एलएस ४ जातीचे ग्लायडर आहे. त्याच्या पॅनेलवर जुनी यांत्रिक उपकरणे होती. त्यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक व्हेरिओ (ग्लायडर किती वेगाने वर चढते किंवा खाली उतरते ते दाखवणारे उपकरण), नकाशा दाखवणारा फ्लाइट कॉम्प्युटर आणि फ्लार्म बसवायचे आम्ही ठरवले. फ्लार्म हे २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेले, टक्कर टाळण्यासाठीचे उपकरण आहे. प्रत्येक ग्लायडर आपली जागा आणि पुढचा अंदाजित मार्ग रेडिओवरून सतत सांगत राहते, आणि दुसऱ्याचा मार्ग आपल्या मार्गाला छेदणार असेल तर वैमानिकाला इशारा मिळतो. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात, पाचसहा ग्लायडर घिरट्या घालत असतात तेव्हा या इशाऱ्याची किंमत कळते.

ही उपकरणे आम्ही एका खाजगी विक्रेत्याकडून वापरलेली घेतली. तो अत्यंत जाणकार वाटत होता, आणि तसा तो होताही. पॅनेलमधली ५७ आणि ८० मिलिमीटरची भोके, एकूण ऊर्जेच्या नळीची जोडणी, कार्बनच्या सांगाड्यात फ्लार्मचा अँटेना का दबतो आणि आमच्या काचतंतूच्या ग्लायडरात तो का चालेल, हे सगळे त्याने फोनवर बिनचूक समजावून सांगितले. ‘पॅनेल माझ्याकडे पाठवा, हिवाळ्यात कापून, वायरिंग करून, चाचणी घेऊन परत पाठवतो,’ असा त्याचा प्रस्ताव होता. किंमत २,४०० युरो, म्हणजे नव्या उपकरणांच्या निम्म्याहून कमी. कमिशन वाचावे म्हणून पैसे पेपालवर मित्र आणि कुटुंबीयांसाठी असलेल्या पद्धतीने पाठवा, असा आग्रह त्याने धरला. त्या पद्धतीत खरेदीदाराला पेपालचे संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवावी.

फेब्रुवारीत पॅनेल आले तेव्हा दिसायला ते सुरेख होते. आमच्या क्लबाच्या परवानाधारक निरीक्षकांनी मागची बाजू पाहिली, एक तार चिमटीत धरून हलकेच ओढली, आणि ती सोल्डरसकट त्यांच्या हातात आली. विमानासाठीच्या तारांऐवजी घरगुती पातळ वायर वापरलेली होती, आणि तिन्ही उपकरणांना मिळून एकच फ्यूज होता. बॅटरी जोडून रेडिओचे बोलण्याचे बटण दाबले की त्या पातळ तारांवर व्होल्टेज इतके उतरे की फ्लाइट कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होई. फ्लार्म आणि कॉम्प्युटर यांच्यामधली केबल संगणकाच्या नेटवर्कची केबल कापून केलेली होती. हा प्रकार विशेष धोक्याचा आहे. निरनिराळ्या कंपन्यांची सॉकेट दिसायला एकसारखी असली तरी कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर माहिती, हे प्रत्येकाचे वेगळे असते, आणि चुकीची केबल एका क्षणात उपकरण जाळू शकते. क्लबाच्या कार्यशाळेत सगळे वायरिंग उपसून नव्याने केले. विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि वायरिंगचे दीडशे युरो परतही केले. त्यामुळे हे निष्काळजीपणाचे काम आहे, फसवणूक नव्हे, असेच आम्हाला तेव्हा वाटले, आणि आम्हाला तसे वाटावे हाच त्याचा हेतू असावा असे आता वाटते.

मे महिन्यात आमच्या एका भागीदाराने आधी जाहीर केलेला ३०० किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. या मापाच्या उड्डाणासाठी लोक कित्येक हंगाम वाट पाहतात. अशा उड्डाणाबद्दल मिळणाऱ्या बॅजसाठी, म्हणजे मानचिन्हासाठी, अर्ज करताना पुरावा म्हणून लॉगरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात (आमच्याकडे तो फ्लाइट कॉम्प्युटरमध्येच आहे), नोंदलेली फाइल द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाने, म्हणजे आयजीसीने, मान्य केलेल्या लॉगरच्या आत एक बारीक स्विच असतो. खोका उघडला की तो सुटतो आणि फाइलवर डिजिटल सही करणारी गुप्त किल्ली पुसली जाते. यंत्र चालू राहते, नकाशा दिसतो, फाइलही तयार होते, मात्र तिच्या शेवटी जी अक्षरांची सही असते ती तपासणीत टिकत नाही. आमची फाइल टिकली नाही, आणि ३०० किलोमीटर नामंजूर झाले.

पाठीवरचे सील मात्र अखंड होते. तेव्हा मी ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आयजीसी फाइलची पहिली ओळ इंग्रजी ए अक्षराने सुरू होते, आणि तिच्यात निर्मात्याचे संक्षिप्त चिन्ह व त्या यंत्राचा खरा क्रमांक असतो. तो क्रमांक खोक्यावरच्या पट्टीशी जुळत नव्हता. विक्रेत्याने सोबत दिलेले दाबमापनाचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पट्टीशी तंतोतंत जुळत होते, आणि त्यामुळेच ते इतके विश्वासार्ह दिसले होते. उघड होते की एका यंत्राचा खोका, त्याच खोक्याचे सर्टिफिकेट आणि दुसऱ्याच, उघडलेल्या यंत्राचे अंतरंग एकत्र करून वर नवे सील चिकटवले होते. निर्मात्याकडे दोन्ही क्रमांक पाठवले, तेव्हा आतल्या क्रमांकाचे यंत्र दुरुस्तीपलीकडचे म्हणून मालकाला परत केल्याचे लेखी उत्तर आले.

त्यानंतर फ्लार्मवरही विश्वास ठेवणे शक्य नव्हते. पडद्यावर तो इतर ग्लायडर व्यवस्थित दाखवत होता, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती. पण ऐकू येणे आणि ऐकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपन ग्लायडर नेटवर्कची जमिनीवरची केंद्रे फ्लार्मचे संदेश टिपतात, आणि त्यांच्या नोंदींवरून आपले प्रसारण किती लांब पोहोचते हे पाहता येते. क्लबातली बाकीची ग्लायडर जिथून टिपली जात होती, त्याच भागात आमचे ग्लायडर धावपट्टीजवळचा परिसर सोडल्यावर जवळजवळ नाहीसे होत होते. अँटेना बदलूनही फरक पडला नाही. उपकरणाचा प्रसारणाचा भागच निकामी होता. म्हणजे संपूर्ण वसंतात, गर्दीच्या थर्मलमध्ये, आम्हाला सगळे दिसत होते आणि आम्ही कुणाला वेळेवर दिसत नव्हतो. बॅज आणि पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण माणसाच्या जिवाशी केलेला हा खेळ मला सर्वांत अक्षम्य वाटतो.

विक्रेत्याने त्यानंतर फोन घेणे बंद केले आणि एकच लेखी उत्तर दिले, की खाजगी विक्रीत हमी नसते. जर्मन दिवाणी कायद्याच्या ४४४ व्या कलमानुसार दोष जाणूनबुजून लपवला असेल तर हमी नाकारणारी अट विक्रेत्याला वापरता येत नाही, आणि फसवणुकीच्या कारणावरून करार रद्द करायला ती लक्षात आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. आमच्या वकिलांनी त्याच आधारे पत्र पाठवले आहे. उपकरणे आम्ही उघडलेली नाहीत; ती पुरावा म्हणून तशीच ठेवली आहेत.

ज्यांचा असा व्यवहार चालू आहे त्यांनी पैसे देण्यापूर्वी त्या यंत्रावर नुकतीच नोंदलेली आयजीसी फाइल मागवावी, पहिल्या ओळीतला क्रमांक पट्टीशी आणि सर्टिफिकेटशी ताडून पाहावा, आणि सही निर्मात्याच्या तपासणी प्रोग्रामवर चालवावी. तो मोफत मिळतो. फ्लार्मसाठी विक्रेत्याच्या ग्लायडरची अलीकडच्या उड्डाणांतली प्रसारणाची नोंद मागावी. प्रामाणिक विक्रेत्याला या दोन्ही गोष्टी द्यायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या व्यवहारातली तीच छायाचित्रे ऑगस्टमध्ये एका नव्या जाहिरातीत पुन्हा दिसली. यंत्राच्या पाठीचा फोटोही होता, फक्त त्यातला क्रमांक या वेळी पुसट केलेला होता. त्या जाहिरातीची प्रत आम्ही पोलिसांना दिली आहे.