बोर्ड बदलूनही एरर तसाच: जुना दुरुस्त करावा, नवा घ्यावा की भंगारातला बसवावा?

वॉशिंग मशीनचा मेन बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलला, डिस्प्लेचा बोर्डही बदलला, आणि मशीन चालू केल्यावर पुन्हा एरर. अशा वेळी कारागीर बहुधा म्हणतो, "हा पीसच खराब निघाला भाऊ, दुसरा मागवू." तसं कधीकधी होतंही. पण आणखी एका बोर्डाचे पैसे मोजण्याआधी एवढं बघा: डिस्प्लेवर दिसणारा एरर कोड पहिलाच आहे की बदलला?

कोड पहिलाच असेल, तर दोष बहुतेक बोर्डात नव्हताच. एलजीचा 'ओई' पाणी बाहेर न जाण्याचा, 'एलई' मोटर अडल्याचा किंवा तिच्या हॉल सेन्सरचा (मोटर फिरते की नाही ते बोर्डाला कळवणारा पार्ट). यात कितीही बोर्ड बदला, कोड येतच राहणार. कोड नवा असेल, विशेषतः बोर्डांचं आपसात बोलणं तुटल्याचा (सॅमसंगवर 'एसी'), तर प्लग नीट बसलेला नाही, वायर तुटली आहे किंवा दोन बोर्डांची जोडी जुळत नाही. मग आधी नव्या मेन बोर्डाला जुना डिस्प्ले लावून बघा. कोड गेला तर नवा डिस्प्लेच बदलून मागा.

कोड पहिलाच असेल तर पार्ट मीटरने मोजून बघा. मोजमाप करताना मशीनचा प्लग काढून निदान 10 मिनिटं थांबा. इन्व्हर्टर बोर्डाच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या बोर्डाच्या) मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टवर, सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात आणि ते लगेच उतरत नाहीत. मीटर पार्टवर न लावता, वायरीचा बोर्डाकडचा प्लग काढून त्यात लावा, म्हणजे पार्टबरोबर वायरही तपासली जाते. पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल साधारण साडेतीन ते साडेचार किलोओहम, ड्रेन पंप शंभर ते अडीचशे ओहम, 2000 वॅटचा हीटर 26 ओहमच्या आसपास. इन्व्हर्टर मोटरच्या तिन्ही वायरींमध्ये, कुठल्याही दोन धरा, आकडा सारखाच यायला हवा. हीटरची पिन आणि मशीनची बॉडी यांच्यात मीटरने जोडणी अजिबात दाखवायला नको. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षाराचा थर बसतो, त्याखाली हीटर तापून फुटतो आणि करंट बॉडीत उतरतो. असा हीटर किंवा शॉर्ट झालेला पंप तसाच ठेवला, तर नवा बोर्डही जुन्याच वाटेने जाईल. वायरींवर उंदराचे दात आहेत का, तेही बघा. खालून उघड्या मशीनमध्ये तो सहज शिरतो.

हे सगळं ठीक निघालं, तरच बोर्ड निवडायचा प्रश्न उरतो.

नवा ओरिजिनल बोर्ड सर्वांत महाग, आणि शहादा-रावेरसारख्या ठिकाणी वाट बघायला लावणारा. मॉडेलच्या नावावर तो मागवू नका. एकाच नावाच्या मशीनमध्ये वेगवेगळे बोर्ड निघतात, म्हणून जुन्या बोर्डाच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. काही कंपन्यांचे बोर्ड कोरे येतात, त्यात त्या मॉडेलचा प्रोग्राम भरावा लागतो. तो न भरता बसवला की मशीन एररच दाखवणार. अशा मशीनला कंपनीचाच माणूस बोलवा, दुकानातून पार्ट आणून घरी बसवण्यात अर्थ नाही.

जुनाच बोर्ड दुरुस्त करून घेणं हा पर्याय लोक उगाच शेवटी ठेवतात. त्यातला प्रोग्राम याच मशीनचा असतो, त्यामुळे जोडी न जुळण्याची भानगड उरत नाही. फ्यूज, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज आलं की बोर्ड वाचवणारा पार्ट), रिले (बोर्डावरचा विजेवर चालणारा स्विच), किंवा 12 आणि 5 व्होल्ट तयार करणारा पॉवर सप्लायचा भाग गेला असेल, तर जळगाव-धुळ्यातला चांगला बोर्ड रिपेअरवाला तो उभा करतो. मोटर चालवणारा मॉड्यूल फुटला असेल किंवा पाणी जाऊन ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) हिरवे पडले असतील, तर मात्र हात आखडता घ्या. दुरुस्तीसाठी बोर्डावरचं जेल (पाण्यापासून वाचवणारा थर) खरवडावं लागतं. ते पुन्हा भरून घ्या, आणि काढलेले पार्ट मागून घ्या, म्हणजे नेमकं काय बदललं ते कळतं.

भंगारातला बोर्ड स्वस्त, पण त्याचं आयुष्य कोणी सांगू शकत नाही. भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनचा असेल, तर कपॅसिटर आधीच थकलेले. पार्ट नंबर तोच आणि दुकानदार परत घ्यायला तयार, एवढं जमत असेल तर तपासणीपुरता लावून बघायला तो उत्तम. कायमचा बसवायचा तर मशीन जुनं झालेलं असेल तेव्हाच. युनिव्हर्सल किट (वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनला बसणारा तयार बोर्ड) साध्या मोटरच्या टॉप लोडलाच घ्या. इन्व्हर्टर किंवा फ्रंट लोडला त्याचा उपयोग नाही.

कोणताही बोर्ड बसवला, तरी रिकामं स्पिन दाखवून कारागीर निघाला तर थांबवा. हीटरचा रिले गरम पाण्याच्या प्रोग्राममध्येच ओढला जातो, आणि मोटरवर खरा भार कपडे भिजल्यावरच येतो. म्हणून अर्धा भार कपडे टाकून 40 अंशांचा पूर्ण प्रोग्राम त्याच्यासमोर चालवा, पैसे त्यानंतर द्या.