चौथ्या फोटोत सगळं दिसत होतं

कॅमेऱ्याची जुनी लेन्स ऑनलाइन घेताना मी फसलो. रक्कम आधीच सांगतो, कारण गावात जो तो पहिले तेच विचारतो. १६,३५० रुपये. त्यात ३,००० इसार, ११,५०० बाकीचे आणि १,८५० 'इन्शुरन्सचं डिपॉझिट, पार्सल मिळालं की परत'. या शेवटच्या आकड्यावर ज्यांना हसू आलं त्यांनी हसून घ्यावं. दुसऱ्याचं ऐकलं असतं तर मीही हसलो असतो.

आणि लाज कशाची वाटते तेही सांगतो. पैनगंगेकाठच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पासपोर्ट फोटो. काउंटरवर मीच लॅमिनेट करून लावलेली पाटी आहे : 'ओटीपी कोणाला सांगू नका. पैसे पाठवण्याआधी नाव वाचा.' त्या पाटीखाली बसूनच मी पैसे पाठवले.

लेन्स कशाला पाहिजे होती? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत आणि मागून बडगे. इतवारी-महालातल्या बोळांत माणसावर माणूस असतो. मागच्या वर्षी सोनीच्या कॅमेऱ्यासोबत मिळालेली १६-५० मिमीची किट लेन्स घेऊन गेलो. आभाळ भरलेलं, लेन्स एफ/४ च्या खाली यायला तयार नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), शटर मंद. घरी येऊन पाहतो तर पिवळ्या मारबतीपुढे नाचणाऱ्या पोरांचे चेहरे सगळे पुसल्यासारखे. एफ/१.४ ची लेन्स असती तर आठपट उजेड मिळाला असता. तेव्हाच ठरवलं, पुढच्या पोळ्याआधी एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्यायची.

सोनीच्या स्वतःच्या लेन्सा माझ्या कमाईत बसत नाहीत. म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या. सहा महिने वाचलं, व्हिडिओ पाहिले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, म्हणून लेन्सचे मिमी दीडनं गुणायचे. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ सुरेख आहे, पण ती ४५ सारखी दिसते आणि बोळात मागं सरकायला जागाच नसते. ५६ तर गर्दीत निरुपयोगी, ती लग्नात नवरीसाठी. रस्त्यावर, बाजारात २३ मिमी बरी. ती ३५ सारखी दिसते, म्हणजे भाजीवालीही येते आणि तिच्या मागचा तराजू, बैलबंडी, उभी एसटीही येते. म्हणून व्हिल्ट्रॉक्सची २३ मिमी एफ/१.४ ठरवली, ऑटोफोकसवाली. मॅन्युअल लेन्सा याहून खूप स्वस्त मिळतात, पण नाचणाऱ्या पोरावर हातानं फोकस करणं माझ्यानं होत नाही. एवढा अभ्यास करून फसलो, हे मुद्दाम सांगतो. "माहिती नव्हती म्हणून फसला" असं कोणी म्हणू नये. माहिती होती.

पोळ्याला दहा दिवस होते. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. किंमत १४,५००, बिल-डबा सगळं, 'परदेशी चाललो म्हणून विकतो'. दोन मेसेजात गडी म्हणाला व्हॉट्सॲपवर या. इथंच थांबायचं असतं. ॲप सोडून बाहेर बोलावलं की ॲपवाले हात झटकायला मोकळे होतात, आणि पुढे ते झालेच.

तरी मी आंधळा नव्हतो. व्हिडिओ कॉल करायला लावला. त्यानं कॅमेऱ्यावर लेन्स लावून दाखवली, समोरच्या माणसाच्या डोळ्यावर ऑटोफोकसचा हिरवा चौकोन धावताना दाखवला. लेन्स खरीच होती. फक्त ती मला पाठवायची नव्हती.

नंतर मी फोटो मागितले. चार आले. आता हा चौथा फोटो. मी मुद्दाम सांगितलं होतं की मागची टोपी काढ, पुढून मोबाईलचा टॉर्च मार आणि मागून फोटो घे. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना आधी बुरशी पाहा, असं ज्याला विचारलं त्यानं सांगितलेलं. फोटो आला. मी तो बोटांनी मोठा करून काच कोपरान् कोपरा तपासली. एक धागा नाही, एक ओरखडा नाही. खूश झालो. बायकोला बोलावून दाखवलं, "पाह्य, काच कशी आरशासारखी आहे."

काचेच्या भोवतीचं कडं मी पाहिलंच नाही.

ऑटोफोकसच्या सोनी माउंट लेन्सला मागच्या बाजूला दहा सोनेरी पिनांची ओळ असते, कॅमेऱ्याशी बोलायला. व्हिल्ट्रॉक्सच्या या लेन्सला मागच्या धातूच्या कड्यात फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला यूएसबीची छोटी खाचही असते. त्या फोटोत कडं कोरं होतं. पिना नाहीत, खाच नाही. नुसतं चकचकीत धातूचं गोल. आता तो फोटो उघडला की मला दुसरं काही दिसतच नाही. तेव्हा माझी नजर बुरशी शोधत होती, आणि बुरशी नव्हती.

दुसरी चूक बायकोनं पकडली होती. बाकीचे ११,५०० टाकताना स्क्रीनवर नाव आलं ते बाईचं. ती म्हणाली, "अहो, हे बाईचं नाव काऊन दिसून राहिलं?" मी विचारलं तर तो म्हणाला, वहिनीचं खातं आहे, माझं लिमिट संपलं. मला पटलं. का नाही पटणार? आमच्या अर्ध्या गावाचं पेमेंट बायकोच्या नाहीतर पोराच्या खात्यावर येतं, मीच तर ती खाती जोडून देतो. हा माझा बचाव आहे. बायकोला तो पटलेला नाही.

१,८५० वर मी काही बोलत नाही.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. उघडलं तर २५ मिमी एफ/१.८ ची मॅन्युअल लेन्स, दुसऱ्याच कंपनीची. कॅमेऱ्याला लावली तर स्क्रीनवर एफच्या पुढे नुसत्या दोन आडव्या रेघा, म्हणजे कॅमेरा लेन्सला ओळखतच नाही. पोरगा म्हणे, बाबा, चष्मा पुसून पाहा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. तुम्ही काढा. पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करा, मध्ये बंद करू नका, वस्तू आणि तिच्यावरचा नंबर दिसेपर्यंत.

फोन अर्थातच बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावला, तक्रार घेतली, नंबर मिळाला. पण पैसे जाऊन सहा दिवस झाले होते. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो, हेही मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. त्या खात्यात तोवर ९१२ रुपये उरले होते, तेवढे गोठवले. तेही सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ९१२ रुपयांसाठी वकील.

बँकेत गेलो. साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. बंदूक लावली असती तरी पिन मीच टाकला असता.

मग ठाणं. हवालदारानं आधी विचारलं, "लेन्स म्हंजे चष्म्याचा काच काय?" समजावलं. मग म्हणे, "माल तं आला ना घरी? मंग फसवणूक कायची?" आणि इथंच मला त्या चोराची अक्कल कळली. काहीच पाठवलं नसतं तर तो गुन्हा उघड होता. काहीतरी पाठवलं की सगळे म्हणतात हा देवाणघेवाणीचा वाद, दिवाणी मामला. चौथा फोटोही त्यानं खराच पाठवला होता, जी लेन्स पाठवायची तिचाच. उद्या कोणी विचारलं तर म्हणेल, दाखवूनच विकली.

दोन चकरांनंतर दुसरं कारण निघालं. आयटी ॲक्टचं कलम लावलं तर तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, आणि आमचे ठाणेदार सहायक निरीक्षक. कलम ७८ मध्ये तसं लिहिलेलं आहे, मी वाचलं. पण साध्या फसवणुकीचं कलम आहेच ना! जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. ते लावायला कोणी अडवलं होतं? मी हे म्हटलं तर ठाणेदार म्हणाले, "तुम्ही वकील हाय काय?" मी फॉर्म भरणारा आहे, साहेब. लोकांची कलमं मीच टाइप करतो.

जिल्ह्याला पाठवलं. पहाटेची एसटी, तिथं अकरा वाजता साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला भेटले, म्हणाले तक्रार तुमच्याच ठाण्यात द्या. ठाण्यानं यांच्याकडे पाठवलं, यांनी ठाण्याकडे. मधल्या मध्ये तीन चकरांचं भाडं, झेरॉक्स आणि चहा मिळून १,२४० रुपये. ग्राहक आयोगात विचारलं तर कारकून म्हणाला, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, हे आमच्याकडे बसत नाही. शेवटी तक्रारीची पोच मागितली, तर शिक्क्यासाठी चार दिवस. त्या शिक्क्यावरची तारीखही चुकीची आहे.

तुम्ही जा तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. तक्रारीत 'वेगळी वस्तू पाठवली' असं लिहू नका, 'दाखवली ती वस्तू पाठवण्याचा हेतूच नव्हता' असं लिहा. हे मला तिसऱ्या अर्जाला कळलं. इसार देऊ नका. लेन्स हातात घेऊन, आपल्या कॅमेऱ्याला लावून, पैसे तिथंच. नागपूरला जायला दिवस मोडतो म्हणून मी कुरिअर मागवलं. बसभाडं वाचवायला गेलो.

मारबतीला मी गेलो नाही. लोक म्हणतात आली ती लेन्स तर चालव. चालते. एफ/८ वर ठेवून फोकस चार मीटरच्या आसपास लावून ठेवला तर दोनेक मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं, बुधवारच्या बाजारात दुपारी फोकसला हात लावावा लागत नाही. दोनदा नेली. तिसऱ्यांदा नाही नेली. ती १६,३५० ला पडलेली आहे आणि माझ्या हाताला ते कळतं.

परवा रात्री त्याच ॲपवर तीच जाहिरात दिसली. नाव दुसरं, गाव अकोला, किंमत १३,८००. फोटो चार, चौथा तोच, टॉर्चवाला. मी ॲपवाल्यांना कळवलं, 'आम्ही तपासत आहोत' असं उत्तर आलं. मग बायकोच्या नंबरावरून त्याला लिहिलं की मागच्या पिना दाखव. त्यानं दोन मिनिटांत ब्लॉक केलं. आज सकाळी दुकान उघडताना पाहिलं, जाहिरात तिथंच आहे, आणि खाली लिहिलंय, ११ जणांनी विचारणा केली.