आईच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे आठ महिने

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार आहे. तिने तंबाखूला कधी हात लावला नाही; मात्र चाळीस वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केला. धमनीतील रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब दोनदा ५५ मिमी पाऱ्याहून कमी आला, तेव्हा डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन दिवसाकाठी किमान १५ तास लिहून दिला आणि आम्ही हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र घेतले, मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारे.

विक्रेत्याने ‘दम लागला की लावा’ असे सांगितले आणि पहिला महिना आम्ही तसेच केले, ही आमची मोठी चूक होती. रक्तात ऑक्सिजन सतत कमी राहिला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. तो हलका करायचा, तर तासच भरावे लागतात. १९८० सालच्या अमेरिकी अभ्यासात रात्रीपुरता ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ अखंड घेणारे रुग्ण अधिक जगले, हे डॉक्टरांनी समजावल्यावर आम्ही रात्रीचे नऊ तास पक्के केले आणि उरलेले भाजी निवडताना, दुपारी पडल्यावर व टीव्ही पाहताना भरून काढले. लांब नळी असल्याने आई घरभर फिरते, फक्त स्वयंपाकघरात नाही, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत धोक्याची. देवापुढचा दिवाही आता नात लावते. आईला ही गोष्ट अजून लागते.

एका रात्री धाप वाढली म्हणून मी घाबरून प्रवाह ४ लिटरवर नेला. सकाळी ती गुंगीत होती आणि डोके ठणकत होते, कारण अशा काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. आता बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के एवढाच राहतो ना, ते पाहतो आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रवाह बदलत नाही.

३५० वॅटचे यंत्र सोळा तास चालले की रोज साडेपाच युनिट जातात. वीज गेल्यास इन्व्हर्टर दोन तास पुरतो, म्हणून भरलेला सिलिंडर घरात असतोच. यंत्राची हवा गाळणारी जाळी दर आठवड्याला धुतो. नाकाशी व्हॅसलिन लावत नाही, कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते पेट घेऊ शकते.

पायांची सूज उतरली आहे, झोपही लागते. जिना चढताना धाप मात्र तशीच आहे. बाहेरगावी नेण्यासाठी लहान यंत्र पाहत आहोत, परंतु त्यांपैकी बरीच सतत प्रवाह न देता श्वासागणिक झोत सोडणारी असल्याने तिला चालवून, ऑक्सिमीटर लावून पाहिल्याशिवाय घेणार नाही.