जुन्या लक्झरी गाड्यांच्या क्लबची मेंबरशिप: गाडी चालवत असाल तरच घ्या

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते खाली येईलच. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली रोल्स रॉइस सिल्व्हर शॅडो आहे आणि मी या क्लबात बरीच वर्षं आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी चुगली करायचीय. नवीन लोक नेहमी विचारतात की फी भरून मिळतं काय, एक बिल्ला, एक मासिक आणि वर्षाकाठी एखादी पार्टी, एवढंच ना? एवढंच असतं तर मी केव्हाच सोडला असता.

खरा माल आहे टेक्निकल मदतीत. शॅडोचं उदाहरण घ्या. 1965 ला आली, 1980 पर्यंत बनत होती, आणि हिची हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी सिस्टीम, सिट्रोएन या फ्रेंच गाडी कंपनीकडून लायसन्स घेऊन केलेली. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारे दोन पंप, ते प्रेशर तयार करणार, ते नायट्रोजन भरलेल्या दोन गोळ्यांत, म्हणजे चेंडूसारख्या गोल टाक्यांत, साठणार, ब्रेक त्यावर आणि गाडीची मागची उंची सांभाळणारं लेव्हलिंगही त्यावरच. आता या सिस्टीममध्ये साधं ब्रेक ऑइल चालत नाही, आरआर 363 नावाचं लागतं, ज्यात एरंडेलाचं वंगण असतं म्हणून पंप कोरडे पडत नाहीत. आणि 1980 ला आलेल्या सिल्व्हर स्पिरिटपासून कंपनीने मिनरल ऑइल सुरू केलं. म्हणजे बॉनेट उघडल्यावर दोन्ही गाड्या भाऊ-भाऊ वाटतात पण एकीचं तेल दुसरीत गेलं की रबरी सील खराब झालेच म्हणून समजा, मग अख्खी सिस्टीम खोला, सगळी सीलं बदला, आणि बिल बघून गाडीच विकायला काढा. नेहमीच्या गॅरेजवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, बिचारा रोज वेगळ्या गाड्या बघतो, त्याचा दोष नाही.

आमच्या टेक्निकल डेला एक काका आहेत, आयुष्यभर याच गाड्या खोलत आलेत. ते नवीन मेंबरला भाषण देत नाहीत, सरळ म्हणतात बॉनेट उघड, आणि मग टाकीच्या झाकणावर पेंटने तेलाचं नाव लिहून घेतात, स्वतःच्या हाताने लिही म्हणतात. मग गोळ्यांची टेस्ट. इंजिन चालू करून प्रेशर भरू द्यायचं, इंजिन बंद करायचं, चावी ऑन ठेवायची आणि ब्रेक दाबत राहायचं, डॅशबोर्डवरचा प्रेशरचा दिवा कितव्या दाबाला लागतो ते मोजायचं. दोन-चार दाबांतच लागला तर नायट्रोजन गेला, गोळी रिचार्ज करा. एक पैसा खर्च नाही, एक पाना लागत नाही, पण गाडी विकत घेताना ही एक टेस्ट केली तर समोरच्याची अर्धी बढाई तिथेच गळून पडते. हे तुम्हाला मॅन्युअलमध्येही सापडेल हो, पण मॅन्युअल वाचून शिकणं वेगळं आणि काका शेजारच्या सीटवर बसून "अजून दाब, अजून" म्हणत असतात ते वेगळं.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रं. इंग्लंडमधला रोल्स रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब 1957 चा, त्यांचं मुख्यालय नॉर्दॅम्प्टनशरमध्ये हंट हाउसला आहे आणि जुन्या गाड्यांची फॅक्टरी रेकॉर्ड्स तिथे जपलेली आहेत. चेसिस नंबरवरून गाडी मूळ कुठल्या रंगाची होती, पहिल्यांदा कोणाला दिली, काय काय एक्स्ट्रा बसवून घेतलं होतं ते कळू शकतं. "ओरिजिनल कलर आहे साहेब" म्हणणाऱ्या विक्रेत्यांसाठी हा कागद म्हणजे रामबाण उपाय. बेंटलीवाल्यांचा ड्रायव्हर्स क्लब तर 1936 चा, अमेरिकेतला रोल्स रॉइस ओनर्स क्लब 1951 चा, म्हणजे या मंडळींकडे नुसती हौस नाही, कपाटं भरून कागद आहेत.

स्पेअर पार्टचं पण तसंच. खिडकीचं रबर, हीटरचा टॅप असल्या फालतू वस्तूंसाठी गाडी महिनोन्महिने उभी राहते, क्लबात कोणीतरी "माझ्याकडे एक पडलंय" म्हणतंच. स्पेशल टूल्सही आळीपाळीने वापरायला मिळतात.

आता चुगली. कॉन्कोर्सवाली गँग, म्हणजे सर्वात चकाचक गाडीला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवाली. यांच्या गाड्या ट्रेलरवरून येतात, ट्रेलरवरूनच जातात, मधल्या वेळात मालक इअरबड घेऊन ग्रिलच्या फटी साफ करतो. करा बाबा, तुमची गाडी. पण मग हीच मंडळी कमिटीत बसतात आणि चालवून आणलेल्या गाडीच्या चाकाच्या आतल्या धुळीचे मार्क कापतात, यावर माझं डोकं फिरतं. शॅडो मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडीखाली वेगळा सांगाडा नाही, त्यामुळे दारांखालच्या पट्टीला गंज लागला की गाडीचा कणाच पोखरला जातो, तर खाली वाकून ते बघा ना, रबरी पाइप आवळायचा क्लॅम्प कुठल्या काळातला आहे हे कसलं बघताय! शिवाय नुसती उभी राहिलेली गाडी जास्त बिघडते, सील सुकतात, ब्रेक कॅलिपर जाम होतात, हे सगळ्यांना माहीत असून बक्षीस मात्र उभ्या गाडीलाच.

आणि दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. काकांसारखी चार-पाच माणसं सोडली तर ज्ञान कुठे लिहून ठेवलेलंच नाही. व्हिडिओ करा म्हणून किती वेळा सांगितलं, प्रत्येक मीटिंगला माना डोलावतात आणि मग तासभर चर्चा कशावर, तर ब्लेझरच्या बिल्ल्यावर. तो एक स्टार यासाठी कापला.

फी भरायच्या आधी तुमची गाडी बसते का ते बघून घ्या. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लबच्या हिशोबाने व्हिंटेज म्हणजे 1930 संपेपर्यंतची गाडी, तर फीव्हा या जागतिक संघटनेला किमान 30 वर्षं जुनी असली तरी ऐतिहासिक म्हणून चालते, त्यामुळे प्रत्येक क्लबचा नियम वेगळा. काही ठिकाणी गाडी नसली तरी मेंबर होता येतं, आणि गाडी शोधत असाल तर मी म्हणेन आधी मेंबर व्हा, सहा महिने नुसतं इतरांच्या बॉनेटमध्ये डोकं घाला, मग घ्या. विकाऊ गाडीचा चेसिस नंबर क्लबात विचारला की कोणीतरी हमखास सांगतं, "ती होय, तिच्या मागच्या चाकाच्या वर हात लावून बघ."