सुट्टीत आधी कोणतं: ‘शाळा’ की ‘वनवास’?

मावसबहिणीचा लेक आता नववीत जाणार. सुट्टीत त्याला मिलिंद बोकिलांचं ‘शाळा’ द्यावं की प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’, या पेचात ती आहे. सिनेमा, मलपृष्ठ बाजूला ठेवून सांगते.

‘शाळा’ ही सलग कादंबरी. नायक मुकुंदा नववीतच, त्यामुळे पोरगं लगेच आत शिरतं. जेवायला हाका माराव्या लागतील. भाषा मात्र वर्गाच्या मागच्या बाकावरची, शिव्यांसकट. ताई, तुला ते खटकेल, त्याला नाही. मुकुंदाचं मन जिच्यावर जडतं त्या शिरोडकरचं प्रकरण तर त्याला पाठच होईल. गोष्टीच्या मागे आणीबाणी आहे, त्यावर तो प्रश्न विचारणार, तेव्हा उत्तरं तयार ठेव.

‘वनवास’ कथासंग्रह आहे. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन वयाने लहान, पण त्याचं एकटेपण मोठ्यांनाही झेपत नाही. सीमाभागातल्या मराठीचं कानडी वळण सुरुवातीला अडतं. मोठ्याने वाचलं की सुटतं, आणि मग हसू आवरत नाही. नाशिकरोडहून मुंबईपर्यंतच्या गाडीत एक-दोन गोष्टी आरामात होतात. पुनर्वाचनात मला हेच जास्त टिकाऊ वाटलं.

खर्चाचं म्हणशील तर विकत घेण्याआधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचार. 1840 पासूनची संस्था आहे आपली.

पुस्तकाला हात न लावणाऱ्या मुलाला ‘शाळा’ दे. थोडं थोडं चवीने वाचणाऱ्याला, किंवा रात्री आजीला वाचून दाखवणार असेल तर, ‘वनवास’. तुझा लेक पहिल्या गटातला.